गोगलगायी मेल्या नव्हत्या

झरीच्या शिवारात एक विहीर होती. गेल्या उन्हाळ्यात ती रस्त्याच्या रुंदीकरणात बुजली. त्या विहिरीतून निघालेल्या दगडमातीवर माझं नाव झालं होतं, आणि तिच्याबद्दल मी जे छापलं होतं ते चूक होतं. चूक आहे हे कळल्यानंतरही मी गप्प राहिलो आणि एका बाईंचं खरं काम खोटं ठरवलं. त्या बाई हयात आहेत. त्यांनी घातलेल्या अटींवर हे लिहितो आहे.

मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. आमच्या भागात जमीन कुठेही खोदली की काळी माती, मग मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो एका दमात आलेला नाही. एकदा आला, थांबला, मधे मोठा काळ गेला, पुन्हा आला. मधल्या काळात खळग्यांतून तळी साचली. त्यांत मासे झाले, कासवं झाली, गोगलगायी झाल्या. पुढच्या लाव्ह्यानं तळी झाकून टाकली आणि आतलं सगळं दगड होऊन राहिलं. विहीर खोदताना दोन पाषाणांच्या मधे चिकणमातीचा थर लागला तर समजावं की हे एखाद्या जुन्या तळ्याचं बूड आहे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, याच लाव्ह्याच्या काळात, पृथ्वीवर मोठा संहार झाला. डायनासोर त्यात गेले हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण मला त्यातलं दुसरंच काही खुणावत होतं. संहार सगळ्यांवर सारखा येतो का? मी वर्गात दुष्काळाचं उदाहरण द्यायचो. दुष्काळात आधी म्हशी जातात, मग गायी, शेळ्या मात्र बाभळीच्या शेंगा खाऊन दिवस काढतात. गोठा एकच, संकट एकच, पण हिशेब प्रत्येकाचा वेगळा. तसा हिशेब त्या मोठ्या संहाराचा मांडायचा, तर एकाच तळ्याच्या मातीत संहाराच्या आधीचा थर आणि नंतरचा थर असे दोन्ही मिळायला हवेत. खालच्या थरात माशांच्या किती जाती आहेत आणि त्यांतल्या किती वरच्या थरातही सापडतात, ते पाहायचं. तेच कासवांचं, तेच गोगलगायींचं. ज्या गटातल्या जाती वर कमी सापडतील, त्या गटाला मार जास्त बसला. रीत इतकी सोपी आहे. अवघड काय असतं ते पुढे येईलच.

झरीच्या त्या विहिरीत असे दोन थर मिळाले. खालची माती पांढुरकी, वरची हिरवट, आणि मधे वीतभर तांबड्या मातीचा पट्टा. तो पट्टा मी संहाराची रेघ मानला. त्याबद्दल जाणकारांत वाद आहेत, ते इथे सोडून देतो.

विहिरीचे मालक माझ्याच वयाचे. त्यांचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी होता, म्हणून ओळख. मी त्यांना विनंती केली की तांबडा पट्टा लागेपर्यंतची माती एका बाजूला टाका, त्याखालची दुसऱ्या बाजूला. त्यांनी तसं केलं. मी रविवारी स्कूटरवर जायचो. रविवारी मजुरांना सुट्टी, त्यामुळे निवांत बसून काम करता यायचं. दोन्ही ढिगांतली माती पाण्यात भिजवायची, चाळायची, भिंगाखाली वेचायची. दोन उन्हाळे हे चाललं. या दोन उन्हाळ्यांत मी खोदकाम चालू असताना एकदाही तिथे गेलो नाही. मला त्याची गरज वाटली नाही. ढीग माझ्यासमोर होते.

निकाल अगदी ठसठशीत आला. माशांचे खवले आणि दात दोन्ही ढिगांत होते. कासवाच्या पाठीचे तुकडे दोन्हीकडे होते. गोगलगायींचे शंख मात्र खालच्या ढिगात रग्गड आणि वरच्यात जवळजवळ नाहीतच. वर मिळाले ते बारीक चुरे, ज्यांवरून जात सांगता येत नव्हती, म्हणून मी ते मोजले नाहीत. मी लेख लिहिला. गोड्या पाण्यातले मासे आणि कासवं संहारातून तरली, पण गोगलगायी जवळपास पुसल्या गेल्या, असा त्याचा मथितार्थ. लेख छापून आला. परगावाहून पत्रं आली, परिषदांची बोलावणी आली. आमच्या कॉलेजात तोवर परिषदेला जाणं म्हणजे औरंगाबादला जाणं एवढंच होतं. मी त्याच्या पुढे गेलो.

लेख आल्यावर काही महिन्यांनी मालकांनी विहिरीच्या पूजेला बोलावलं. बांधकाम पुरं झालं होतं, पाणी चांगलं लागलं होतं. आमच्याकडे विहिरीवर साती आसरांची स्थापना करतात. त्या पाण्याच्या सात बाया. काठावर ओटा बांधून सात दगड मांडायचे, शेंदूर लावायचा, खण-बांगड्या आणि दहीभात ठेवायचा. मी पोचलो तेव्हा ओट्याचं काम अर्धवट होतं आणि मालकांच्या आई ओट्याच्या पोकळीत दोन मडकी ठेवत होत्या. मडक्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं. एकाचं फडकं सुटलं होतं, आणि आत मला शंख दिसले. अख्खे, स्वच्छ धुतलेले, गळ्यापर्यंत भरलेले.

"आई, हे काय आहे?" मी विचारलं.

"आसरांचे शंख हायेत बाबा. पाणी लागूस्तोर जेवडे निगाले तेवडे."

"सगळे गोळा केले?"

"मंग? आख्खा शंक ढिगावर टाकतेत व्हय? पायाखाली येतंय. पाणी रुसतंय अशानं. टोपली वतायच्या आदी बाया बगूनच वततेत. आमच्या सुनंनं तर वटीत भरभरून आणलेत."

"आणि पाणी लागल्यावर?"

"पाणी लागल्यावर आसरा आल्या की जाग्यावर. मंग कशाला गोळा करायचेत? दिले टाकून."

पाणी कुठे लागलं होतं ते मला माहीत होतं. तांबडी माती पाणी झिरपू देत नाही. पाणी तिच्या वर अडून बसलं होतं. म्हणजे पट्ट्याच्या वरचा प्रत्येक अख्खा शंख या घरातल्या बायांनी भक्तीनं उचलून मडक्यात घातला होता आणि पट्ट्याच्या खालचा प्रत्येक शंख ढिगावर टाकला होता. माशाचे खवले आणि कासवाचे तुकडे कुणाला देवाचे वाटत नाहीत, म्हणून ते दोन्ही ढिगांत राहिले. माझ्या लेखातला संहार टोपल्या वाहणाऱ्या बायांच्या हातून झाला होता.

हे सगळं मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. नंतर विचार करून कळलं असं मी म्हणू शकत नाही. मी हात धुतले, पंगतीला बसलो. शिरापुरी होती. मालकांनी आग्रह करून वाढलं.

"सर, आमची इहीर तुमच्या पुस्तकात आली म्हनं?"

"आली," मी म्हणालो.

ओटा त्याच दुपारी लिंपून बंद झाला.

दुरुस्तीची चार ओळींची नोंद त्याच मासिकाला पाठवता आली असती. तेव्हा पाठवली असती तर फारशी नाचक्कीही झाली नसती. अशा चुका होतात, लोक हसतात, विसरतात. मी आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिलो, आणि मग विभागप्रमुखाची जागा निघाली, आणि मग ती मला मिळाली.

त्यानंतर दीडेक वर्षानं विद्यापीठाकडून एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. लिहिणाऱ्या मॅडम भूगर्भशास्त्राच्या होत्या, तिशीतल्या, माझ्या ओळखीच्या नाहीत. त्यांनी पोखर्णीकडच्या एका विहिरीवर तेच काम केलं होतं जे मी झरीला केलं. फरक एवढाच की ती विहीर यारीवर, म्हणजे क्रेननं, बाहेरगावच्या ठेकेदारानं खोदली होती, आणि मॅडम रोज खोदकामावर उभ्या होत्या. त्यांच्या मोजणीत गोगलगायी तांबड्या पट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे होत्या. त्यांनी चुरेही मोजले होते. चुऱ्यांवरून जात कशी ओळखायची याची रीत त्यांनी स्वतः बसवली होती, आकृत्यांसह. त्यांनी लिहिलं होतं की गोगलगायी संहारातून बहुधा तरल्या. माझ्या लेखाचं नाव घेऊन त्यांनी अदबीनं असंही लिहिलं होतं की झरीच्या वेचणीत काही राहून गेलं असण्याची शक्यता तपासावी.

ती शक्यता मी मडक्यात पाहिली होती.

मी अहवालात लिहिलं: 'उमेदवाराची मोजणी विश्वासार्ह नाही.' कारण म्हणून चुऱ्यांवर बोट ठेवलं. चुरा धरून जात ठरवणं हे शास्त्रीय शिस्तीत बसत नाही, असं लिहिलं. फेरमोजणीची शिफारस केली. फेरमोजणी म्हणजे काही वाईट नाही, असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्यक्षात तोवर पोखर्णीचा ढीग शेतकऱ्यांनी पाणंदीच्या रस्त्यावर पसरून टाकला होता. मोजायला काही उरलंच नव्हतं. हे मला माहीत नव्हतं, पण मी ते विचारलंही नव्हतं. मॅडमचे मार्गदर्शक निवृत्त झाले. प्रबंध मागे घेतला गेला. मॅडम एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

मधल्या वर्षांत त्या मला एकदाच दिसल्या, परभणीच्या बसस्थानकावर. त्यांनी नमस्कार केला. मीही केला. माझी गाडी लागली होती.

आता गेल्या उन्हाळ्याकडे येतो. मालकांचा फोन आला.

"सर, तुमची इहीर चालली बरं का."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? रस्त्यात. खुणा करून गेलेत लोकं. पैशे बी आले खात्यावर, आता काय बोलता? आसरांना नव्या बोरवर न्यावं लागतंय. येता का मंगळवारी? लय दिवस झाले आलाव न्हाई."

"आणि ओट्याखालची मडकी?"

"त्ये तुमाला कसं म्हाईत? मडकी दुधनेत सोडायलोत. नव्या जाग्याला जुने शंख चालत न्हाईत म्हनती आमची मंडळी."

मंगळवार चार दिवसांवर होता. त्या मडक्यांतले शंख हा एकच पुरावा आता जगात शिल्लक होता. शंखाच्या तोंडात माती भरून तिचा दगड झालेला असतो. ती माती हिरवट असेल तर शंख पट्ट्याच्या वरचा, पांढुरकी असेल तर खालचा. धुऊन, पुरून, कितीही वर्षं गेली तरी ती बदलत नाही. मडकी दुधना नदीत गेली की मॅडमची मोजणी बरोबर होती हे दाखवायचा मार्ग संपणार होता. मग माझा अहवाल तेवढा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी चुडाव्याला उतरलो. मॅडम निवृत्तीनंतर तिथे राहतात हे एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं होतं. घर स्टेशनापासून लांब नव्हतं, पण माझे गुडघे आता ऐकत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. त्यांनी मला ओळखलं. या म्हणाल्या, बसा म्हणाल्या, आत गेल्या.

"साखर किती घालू सर?"

"एक चमचा."

"मोजून घालते. पाहिजे तर येऊन बघा."

चहा आला. तो तसाच ठेवून मी जे सांगायचं ते सांगितलं. पूजेचा दिवस, मडकी, मालकांच्या आई काय म्हणाल्या, पाणी कुठे लागलं होतं, आणि मंगळवारी मडकी नदीत सोडणार आहेत हेही. त्यांनी मधे अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"तुमच्या वरच्या ढिगात चुरे होते?"

"होते."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"मग अख्खे कुठं गेले असा प्रश्न पडला नाही तुम्हाला? चुरा आहे म्हणजे शंख होता."

"तेव्हा नाही पडला."

"आणि माझ्या चुऱ्यांना नावं ठेवताना? तेव्हा तर मडकी बघून झाली होती ना?"

"झाली होती."

मालगाडी गेली. ती जाईपर्यंत बोलता येत नाही त्या घरात.

"आमच्या स्टाफरूममध्ये," त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले की एक जण हमखास म्हणायचा, 'मॅडमला मोजायला देऊ नका रे, विद्यापीठाचा दाखला हाय त्यांच्याकडं.' सगळे हसायचे. मीपण हसायचे. नाही हसलं तर पुन्हा म्हणतात. पीएचडी गेली त्याचं एवढं नाही सर. पुष्कळांची जाते. पण मला मोजता येत नाही, हे तुम्ही लिहून ठेवलं."

मी क्षमा मागायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"मंगळवारी किती वाजता?"

मंगळवारी आम्ही दोघं झरीला गेलो. विहिरीभोवती खांब रोवलेले होते, पलीकडे जेसीबी उभा होता. मालकांची आई जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची सून, म्हणजे मालकांच्या पत्नी, ज्यांनी तेव्हा ओटीत शंख भरभरून आणले होते, त्या आता साठीच्या पुढच्या. मी त्यांना वहिनी म्हणतो. ओटा फोडला होता. सात दगड पाटावर काढून ठेवले होते, शेजारी दोन्ही मडकी.

मी वहिनींना विनंती केली की दुधनेत सोडण्याआधी हे शंख आम्हाला मोजू द्या.

"कशापायी?" त्यांनी विचारलं.

मॅडमच म्हणाल्या, "सरांनी तेव्हा लिहिलं होतं, वरच्या मातीत शंख नव्हते. मी म्हणत होते असायला पाहिजेत. ते तुम्ही उचलले होते."

वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. "अवो सर, मंग आमाला इचारायचं की! दोन वरसं इथं चाळणी घेऊन बसायलावतात. एक डाव तरी इचारलंव का, बायांनो, तुमी काय उचलायलाव म्हनून?"

"नाही विचारलं."

"सायबाचं असंच ऱ्हातंय," मालक म्हणाले. "ढीग बगतेत, मानूस बगत न्हाईत."

"तुमी गप बसा. तुमी तरी कुटं सांगितलाव?" वहिनी त्यांच्यावर घसरल्या आणि मग मॅडमना म्हणाल्या, "मोजा बाई. पण भुईवर ठिवू नगा. परातीत ठिवा. चपला काडा. आन एक बी कमी पडला तर आसरा तुमच्या घरी येऊन बसतील."

"येऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडं नळाला आठ दिवसाला पाणी येतंय. त्यांचीच गरज आहे."

वहिनी हसल्या आणि घरातून तीन पराती घेऊन आल्या.

लिंबाखाली बसून मोजणी झाली. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यामुळे मॅडम शंख हातात घेत, तोंडातली माती भिंगातून बघत, रंग आणि जात मोठ्यानं सांगत, आणि परातीत ठेवत. मी कागदावर रेघा ओढत होतो. वहिनी समोर बसून लक्ष ठेवत होत्या. थोड्या वेळानं त्यांना गंमत वाटायला लागली. "हा फुगीर, ह्याच्यासारका," म्हणून त्या स्वतःच शंख लावायला लागल्या. एकदा त्यांनी चुकीच्या परातीत ठेवला आणि मॅडमनी तो उचलून दुसरीकडे ठेवला, तेव्हा म्हणाल्या, "पक्की हाय बाई ही."

पहिलं मडकं संपलं तेव्हा एकाही शंखाच्या तोंडात पांढुरकी माती निघाली नव्हती. सगळी हिरवट. दुसऱ्यातही तेच. सगळे पट्ट्याच्या वरचे.

मग जातींचा हिशेब. खालच्या ढिगातल्या गोगलगायींच्या जाती मला पाठ होत्या. त्या एकामागून एक परातीत दिसत होत्या. फक्त एक जात, निमुळती, स्क्रूसारखी पिळाची, मडक्यात कुठेच नव्हती. मॅडमनी तिन्ही पराती पुन्हा चाळल्या.

"ती पोखर्णीला वर सापडली होती तुम्हाला," मी म्हणालो. "एक तुकडा."

"हो. आणि त्या एका तुकड्यावर मी लिहिलं की सगळ्याच जाती तरल्या. यारीच्या बादलीतून खालची माती वरच्या ढिगावर सांडते कधी कधी. तो तुकडा खालचाही असेल." त्यांनी भिंग मिटवलं. "ते लिहा. त्या जातीबद्दल माझा निष्कर्ष कच्चा होता."

"कशाला? इथं नाही सापडली म्हणजे ती मेलीच असं थोडंच आहे."

"नाही सापडली म्हणजे मेली असं नाही, हे तुम्ही मला सांगताय सर?"

मालक मोठ्यानं हसले. त्यांना नेमकं कशाचं हसू आलं ते माहीत नाही, पण वेळ बरोबर साधली होती. मलाही हसू आलं.

"निष्कर्ष कच्चा असू शकतो," मॅडम हळूच म्हणाल्या. "मोजणी कच्ची नव्हती. दोन्ही वेगळं वेगळं लिहा."

शंख मडक्यांत परत गेले. वहिनींनी फडकी बांधली. संध्याकाळी ती मडकी दुधनेत सोडली गेली. मॅडमनी प्रत्येक जातीचे फोटो मोबाईलवर काढून घेतले होते, तोंडातली माती दिसेल असे. एखादा नमुना मागून घ्यावा असं माझ्या मनात आलं होतं. मॅडमनी मागितला नाही, म्हणून मीही मागितला नाही.

परतताना झरीच्या बसथांब्यावर मी त्यांना माझा बेत सांगितला. दुरुस्तीचा लेख लिहीन, त्यात त्यांचं नाव पहिलं घालीन, विद्यापीठाला पत्र देईन.

"ज्या मासिकात तुम्ही लिहिलं होतं ते चालू आहे?"

"बंद पडलं. दुसऱ्या कुठल्या तरी इंग्रजी मासिकात देऊ."

"तिथं द्या. शास्त्राचं शास्त्रात जाऊ दे. पण त्या आधी मराठीत लिहा. जे हसले ते इंग्रजी मासिकं वाचत नाहीत. दिवाळी अंक वाचतात."

"नाव घालू?"

"नाव नको. ज्यांना कळायचं त्यांना कळतं. आमच्या स्टाफरूममध्ये पोखर्णी म्हटलं की पुरतं. आणि माझं कौतुक करू नका. नाहीतर वाटेल की तुम्ही माझ्यावर मेहेरबानी करताय."

बस आली. त्यांना जागा मिळाली, मला नंतर मिळाली.

पंधरा दिवसांनी मी लिहिलेलं घेऊन पुन्हा चुडाव्याला गेलो. त्यांनी चष्मा लावून, हातात पेन धरून, सावकाश वाचलं. इतकी वर्षं मला झोप कशी लागली नाही याबद्दल मी दोन पानं लिहिली होती. त्यांवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"हे तुमचं तुमच्याजवळ ठेवा सर."

वहिनींचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं राहू दिलं. मालकांचं एक वाक्य मी गाळलं होतं, ते घालायला लावलं. ढीग बगतेत, मानूस बगत न्हाईत, ते.

शेवटी निष्कर्ष होता. मी लिहिलं होतं: 'मोठ्या संहारातून गोड्या पाण्यातले मासे, कासवं आणि गोगलगायी या तिन्ही गटांतल्या बहुतेक जाती बहुधा तरल्या. गोगलगायींच्या एका जातीबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. पोखर्णीच्या विहिरीवर केलेली मोजणी बहुधा बरोबर होती.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग शेवटच्या वाक्यातला 'बहुधा' खोडला.

"गोगलगायींपुढचा राहू द्या," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे परत दिले.